पोरं टिकत नाहीत म्हणतो आपण, पण वरच्यांनी नेमकं काय बदलायचं? (सोलापूर, टॉवेल-गारमेंट युनिट)

अक्कलकोट_रोड (धागाकर्ता)

अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी एमआयडीसी, टॉवेल, चादर आणि गणवेशाच्या युनिटांत सध्या एकच विषय आहे. विशी-बाविशीची पोरं येतात, दोन पगार घेतात, आणि तिसऱ्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी फोन बंद. मालक, मॅनेजर, जॉबर (लूमवरचा मुकादम) यांचं निदान ठरलेलं आहे: कष्ट नकोत, पुण्याची ओढ आहे, मोबाइल सुटत नाही. ते सगळं खरं धरलं तरी त्यातून मालकाच्या हातात करण्यासारखं काहीच उरत नाही.

म्हणून विनंती अशी की पोरं कशी आहेत यावर इथे लिहू नका. वरच्या माणसांनी काय बदलायचं ते लिहा. डोळ्यासमोर १०० ते २०० माणसांचं युनिट धरा, जिथे एचआरला एखादंच माणूस आहे आणि सुपरवायझर सगळे लाइनवरूनच वर आलेले आहेत. आकडे, पायऱ्या, कुठे फसतं आणि का फसतं, हे हवंय.

---

पगारपत्रक

आधी मोजायचं कसं ते बघू, कारण बहुतेक युनिटं चुकीची गोष्ट मोजतात. वर्षाची एकूण गळती काढली की दहा-दहा वर्षं टिकलेले जुने कारागीर त्या आकड्यात मिसळतात आणि दुखणं झाकलं जातं. मोजायचं ते असं: या महिन्यात किती नवे आले आणि त्यांतले ९० दिवसांनी किती उरले. समजा २० आले आणि ११ राहिले, तर गळती ४५ टक्के. ही संख्या खात्यानुसार नाही, सुपरवायझरनुसार मांडा. एकाच शेडमध्ये, एकाच पगारावर, एका सुपरवायझरकडे ८ पैकी ७ राहतात आणि दुसऱ्याकडे ३, असं दिसलं तर ‘आजकालची पोरं’ हे उत्तर तिथेच संपतं.

मग पैशात मांडा. नव्या माणसाचा पगार १६,०००, पहिला महिना निम्मं उत्पादन धरलं तर ८,००० गेले. शिकवणारा कारागीर २०,००० पगाराचा, रोज एक तास, २६ दिवस, म्हणजे साधारण २,५००. एक माणूस गेला की १०,५०० गेले. नऊ गेले की ९४,५००, आणि यात रिजेक्शन धरलेलंच नाही. हा कागद मालकासमोर ठेवला की पुढचं बोलणं सोपं जातं.

आता पहिला विश्वासभंग कुठे होतो ते सांगतो. भरतीच्या वेळी तोंडी सांगितलं जातं ‘सोळा हजार’. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,००० आणि घरभाडं १,००० असेल तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातात, ईएसआयचे (कामगार विमा) पूर्ण पगारावर पाऊण टक्का म्हणजे १२०, आणि व्यवसाय कर २००. हातात येतात १३,८८०. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, त्यामुळे त्या महिन्यात आणखी शंभर कमी. मुलींना २५,००० पर्यंत व्यवसाय कर माफ आहे, म्हणून त्याच पगारावर मुलीच्या हातात १४,०८०. दोघांनी मोबाइलवर मेसेज ताडून बघितले आणि कुणी समजावलं नसलं, की ‘कंपनी पैसे खाते’ ही बातमी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या शेडभर होते.

उपाय दहा मिनिटांचा आहे. भरतीच्याच दिवशी एका कागदावर वरचा हिशेब त्याच्या नावाने हाताने लिहून द्या, खाली ‘हातात येणारे’ हा आकडा ठळक. पहिल्या पगारानंतर त्याचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) चालू झाला का ते बघा आणि उमंग ॲपवर पासबुक त्याच्याच फोनवर त्यालाच उघडायला लावा. मालकाचेही पैसे तिथे जमा झालेले स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की कपात ही कपात वाटत नाही. आणि पगार ७ तारखेच्या आत, एकदाही न चुकता.

---

जुनी_मिल

हे सगळं ठीक आहे, पण शिस्तीचं काय? दहा वाजेची शिफ्ट, पोरगं सव्वादहाला येतं. सुपरवायझर बोलला की त्याला राग. प्रत्येकाच्या मर्जीने कारखाना चालवायचा म्हटलं तर लूम (यंत्रमाग) कोण चालवणार?

---

सातरस्ता

जुनी_मिल काका, शिस्त हवीच. पण सध्याचा नियम शिस्त लावतो का, एवढंच बघा. पुष्कळ ठिकाणी पंधरा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापतात. पोराचा हिशेब सरळ असतो: गेटवर पोचायला सव्वादहा होणार, अर्धा दिवस गेलाच, मग कशाला जायचं? ते रस्त्यातूनच माघारी फिरतं. पंधरा मिनिटांचा उशीर नियमानेच पूर्ण खाड्यात बदलला आणि त्या दिवशी दोन लूम बंद राहिले. शिवाय वेतन संहिता, २०१९ प्रमाणे गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते. पंधरा मिनिटांना चार तास कापणं कायद्यातही बसत नाही.

त्याऐवजी महिन्याला एकूण ४५ मिनिटांची सवलत द्या. ती संपली की मिनिटाला मिनिट कपात, आणि चौथ्या उशिराला सुपरवायझरने समोर बसवून कारण विचारायचं. विचारायचं म्हणजे खरंच विचारायचं. आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी भरायला घरातलं तरणं माणूसच लागतं. पाण्याच्या दिवशी दोघांनी आपसांत शिफ्ट बदलायची मुभा दिली, सुपरवायझरला आदल्या संध्याकाळी सहापर्यंत कळवण्याच्या अटीवर, तर निम्मे उशीर तिथेच मिटतात. मोहोळ किंवा अक्कलकोटकडच्या खेड्यांतून येणाऱ्यांचं एसटीवर असतं. रात्री ११ ला सुटणाऱ्या शिफ्टला जाणारी गाडी आहे का, हे भरतीच्या वेळीच विचारायचं. ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणून घेतलेला माणूस पंधरा दिवसांत जातो.

---

जॉबर_ते_मॅनेजर

पगाराचं वर आलंच आहे, मी शिकवण्यावर लिहितो, कारण माझ्या मते ९० दिवसांतली निम्मी गळती तिथे आहे.

आत्ता जी पोरं येतायत त्यांच्या वयाकडे बघा. २०२१ साली दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षाच झाली नाही. त्या काळात आयटीआयची वर्कशॉपही बराच काळ बंद होती. मशिनला हात न लावता प्रमाणपत्र मिळालेली ही पोरं आहेत, आणि आपण त्यांना ‘बघून बघून शिक’ म्हणून कारागिराशेजारी उभं करतो. बघून शिकायला सहा महिने लागतात. तेवढा धीर आपण धरला, कारण तेव्हा दुसरा रस्ता नव्हता.

चार पायऱ्यांची एक जुनी पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्यांना झटपट तयार करायला ती बसवली होती, आणि पुढे जपानी कारखान्यांनी ती उचलली: तयारी, दाखवणं, करून घेणं, पाठपुरावा. आपल्या कामावर ती कशी बसते ते टॉवेलच्या लूमवर तुटलेला ताणा (उभा धागा, म्हणजे तार) जोडण्याच्या उदाहरणाने सांगतो.

तयारी: लूम बंद. पोरगं कारागिराच्या समोर नाही, बाजूला उभं. समोर उभं राहिलं की त्याला सगळं उलटं दिसतं, डावा हात उजवा दिसतो. ही एवढीशी चूक बहुतेक जण करतात.

दाखवणं, तीनदा. पहिल्यांदा फक्त पायऱ्या: तार तुटली, ड्रॉपर (तारेवर लटकणारी पत्री) पडला, लूम थांबला, पडलेला ड्रॉपर शोध, जोडधागा घेऊन विणकराची गाठ मार, ड्रॉपर, हिल्डचा डोळा (तार वर-खाली करणाऱ्या वईचं छिद्र), फणी या क्रमाने ओव, टोक कापडावर ताणून धर, लूम सुरू कर. दुसऱ्यांदा त्याच पायऱ्या, पण कळीचे मुद्दे सांगत: टेरी लूमला दोन बीम (उभ्या धाग्यांचे रूळ) असतात, तुटलेली तार ग्राउंडची (खालच्या कापडाची) की पाइलची (वरच्या लूपची) ते आधी ओळख, गाठीची शेपटी अगदी आखूड काप, फणीच्या ज्या घरातून तार निसटली त्याच घरात घाल. तिसऱ्यांदा ‘का’ सांगत: शेपटी लांब राहिली तर गाठ फणीत अडकून तार पुन्हा तुटते, घर चुकलं तर कापडात उभी रेघ पडते आणि टॉवेल बी ग्रेडला जातो, पाइलची तार ग्राउंडमध्ये गेली तर त्या जागी लूपच उठत नाही.

हे तिसरं ‘का’ आपण नेहमी गाळतो. या पिढीला ते सगळ्यात जास्त लागतं. पोरगं ‘असं का?’ विचारतं ते उलट उत्तर नसतं. बी ग्रेडचा टॉवेल आणि ए ग्रेडचा टॉवेल शेजारी ठेवून रेघ बोटाने दाखवली की ते पुन्हा विचारत नाही, आणि चुकतही नाही.

करून घेणं: आता तो करणार आणि तोंडाने सांगणार, पायरी, मुद्दा, कारण. सांगताना अडखळला तर तिथे त्याला कळलेलं नाही, हात बरोबर चालला असला तरी.

पाठपुरावा: पहिल्या दिवशी दर तासाला, तिसऱ्या दिवशी चारदा, दुसऱ्या आठवड्यात दिवसातून एकदा. आणि कुणाला विचारायचं ते एकाच माणसाचं नाव सांगून ठेवा. ‘कुणालाही विचार’ म्हटलं की तो कुणालाच विचारत नाही.

यात कारागिराचा तोटा होतो, हे मालकांनी लक्षात घ्यायला हवं. पीस रेटवरचा (नगावर मजुरी घेणारा) किंवा उत्पादन बोनस असलेला कारागीर शिकवण्यात तास घालवतो तेव्हा त्याचे पैसे बुडतात. मग तो शिकवत नाही आणि आपण म्हणतो जुनी माणसं कसब लपवतात. शिकवण्याचा तास सरासरी कमाईच्या दराने वेगळा मोजून द्या. शिवाय त्याचा नवखा ९० दिवस टिकला तर ठरावीक रक्कम हातात द्या, महिन्याच्या पगारात मिसळून नव्हे, वेगळी.

---

पूर्वभाग

वरच्या प्रतिसादाला एक जोड. आपल्याकडे शेडमध्ये तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू चारही चालतात. सूचना मात्र इंग्रजीत लॅमिनेट करून भिंतीला. कारागिराने आपल्या भाषेत बोलत केलेला दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ, एका कामाला एक, मशिनवर क्यूआर कोड चिकटवलेला. पोरं तो बघतात, घरीही बघतात. व्हिडिओत हात जवळून दिसला पाहिजे, चेहरा नाही. तीन मिनिटांपेक्षा लांब झाला की शेवट कुणी बघत नाही आणि गाठ नेमकी शेवटी असते.

---

जुनी_मिल

सातरस्ता, उशिराचं पटलं. मोबाइलचं सांगा. मशिनवर फोन म्हणजे बोट जायची वेळ.

---

सातरस्ता

मशिनवर बंदीच, त्यात सूट नाही, मालकालाही नाही. शेडमध्ये फोनवर बोलत फिरणारा मालक दिसला की नियम तिथेच मेला. बंदी टिकवायची तर तीन गोष्टी द्याव्या लागतात: कुलपाचा खण आणि त्यात चार्जिंग; दर दोन तासांनी दहा मिनिटांची ठरलेली सुट्टी, घंटा वाजवून; आणि घरून तातडीचा निरोप आला तर तो पाच मिनिटांत पोचेल असा सुपरवायझरचा एक नंबर. आजारी आई किंवा बाळंतीण बहीण घरी असलेल्या पोराकडून फोन काढून घेतला आणि निरोपाची सोय नसली, तर ते फोन चोरून ठेवणारच. इअरफोन मशिनजवळ नकोत, हाक ऐकू येत नाही. त्याच वेळी लूमच्या आवाजाला इअरप्लग द्या. आपण ते देत नाही आणि इअरफोनला नावं ठेवतो, हे पोरांना दिसतं.

---

शिलाई_लाइन

गारमेंटच्या बाजूने. सुपरवायझरच्या बोलण्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुली लाइन सोडतात त्यात पगारापेक्षा चारचौघींत ऐकून घेतलेलं बोलणं जास्त असतं. ऑल्टर (दुरुस्तीला परत) आलेला बंडल सगळ्यांसमोर टेबलावर आपटला की ती मुलगी त्या दिवशी रडून शिवते, चुका आणखी वाढतात, आणि आठवड्याने तिच्यासोबत तिच्या गल्लीतल्या दोघी येणं बंद करतात. भरती ओळखीतून होते, तशी गळतीही.

बोलायची पद्धत सुपरवायझरला शब्दशः शिकवा. मशिनपाशी जा, पीस हातात घ्या, हळू आवाजात तीन वाक्यं. काय झालं: ‘या पाच पीसला कॉलरचं टोक एका बाजूला आखूड आहे.’ त्याने काय होतं: ‘चेकिंगला सगळा बंडल परत येतो.’ आता काय: ‘पहिल्या पीसला खूण करून दोन्ही टोकं जुळव, मी दहा मिनिटांनी बघायला येते.’ आणि दहा मिनिटांनी खरंच जायचं. ‘तुला किती वेळा सांगायचं’, ‘लक्ष कुठंय तुझं’, ‘काल आलेली तुझ्यापेक्षा बरी’ ही तीन वाक्यं बंद. चांगलं झालं तेही तेवढंच नेमकं सांगा. ‘छान’ म्हटल्याने काय छान ते कळत नाही.

सुपरवायझरला हे एका व्याख्यानाने येत नाही. आठवड्याला अर्धा तास, सहा आठवडे, दोघींनी समोरासमोर करून बघायचं, एकीने मुलगी व्हायचं. त्या वेळेत लाइन कोण बघणार ते आधी ठरवा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात डिस्पॅचचं निमित्त होऊन बंद पडतं.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्याने लागतेच, २०१३ पासून. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य महिला, एक बाहेरची व्यक्ती. नावं आणि फोन नंबर स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावले तर वाचायला थांबलेली मुलगी सगळ्यांना दिसते. आणि ते स्वच्छतागृह, पाण्यासकट, आधी नीट करा. याच एका गोष्टीवरून पुष्कळ घरं मुलीला पाठवायचं की नाही ते ठरवतात.

---

होटगी_नाका

शेडचं झालं. एक्सपोर्ट डेस्क, अकाउंट्स, डिझाइन इथली पोरंही जातात, आणि ती सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने थेट पुण्याला जातात. चार तासांत पुणे, मग मुलाखत, संध्याकाळच्या गाडीने परत. त्यांच्याशी पगारात बरोबरी करणं सोलापुरात अवघड आहे, पण अधिकारात करता येते.

पंचवीस वर्षांची मुलगी खरेदीदाराचं मेल लिहिते आणि प्रत्येक मेल शेठ वाचल्याशिवाय जात नाही. तीन तास गेले, खरेदीदाराने दुसरीकडे विचारलं, आणि बोलणी तिलाच. अधिकार लिहून द्या, एका पानावर. उदाहरणार्थ: नमुन्याच्या कुरिअरचा ३,००० पर्यंतचा खर्च न विचारता, डिलिव्हरीची तारीख चार दिवसांपर्यंत पुढे-मागे न विचारता, पण त्याच दिवशी कळवून, भावात बदल मात्र विचारूनच. न विचारता, कळवून, विचारून, असे तीन रकाने पुरतात. पुढची अडचण शेठची असते: त्या मर्यादेत तिने घेतलेला निर्णय चुकला तर पहिल्या चुकीला पान परत घेतलं जातं. ३,०००ची चूक ही शिकवणीची फी धरूनच तो आकडा ठरवायचा असतो.

घरच्या धंद्यात आणखी एक गाठ आहे. शेठचा मुलगा शिकून येतो, तोही त्याच पिढीचा, आणि तीस वर्षांचे मुनीमजी त्याचं ऐकत नाहीत. पोरांना दोघांकडून दोन हुकूम येतात. कुणाचा शब्द कशात शेवटचा, हे वडिलांनी सगळ्यांसमोर एकदा सांगितलं पाहिजे, दोघांच्या देखत.

रात्रीचे व्हॉट्सॲप मेसेज: साडेसातनंतर गटावर काही टाकू नका. सुचलं तर लिहून सकाळी साडेनऊची वेळ लावून पाठवा. तातडीचं असेल तर फोन करा. फोन करायचा म्हटलं की ‘तातडीचं’ आपोआप कमी होतं.

---

अक्कलकोट_रोड (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवावी असा धागा झालाय. तीन प्रश्न उरतात. न सांगता जाणं कसं थांबवायचं? वाढ कशावर द्यायची? आणि सणाची गैरहजेरी?

---

पगारपत्रक

न सांगता जाण्याचं कारण आपणच तयार केलेलं असतं. राजीनामा दिला की चालू महिन्याचा पगार अडकवतात, अनुभवपत्राला फेऱ्या मारायला लावतात. हे एकाने बघितलं की बाकीचे पगार खात्यात पडेपर्यंत थांबतात आणि मग निघतात. वेतन संहिता, २०१९ मध्ये हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचं कलम आहे. तेच पाळा आणि भरतीच्या कागदावर लिहा: ‘पंधरा दिवस आधी सांगितलंस तर शेवटच्या दिवसानंतर दोन दिवसांत पैसे आणि अनुभवपत्र हातात.’ पहिले दोन-तीन जण तसे सन्मानाने गेलेले दिसले की पुढचे सांगून जातात. त्यांतले काही परतही येतात, पुण्यात खोलीभाडं भरून बघितल्यावर.

वाढीसाठी कौशल्याचा तक्ता लावा. उभे रकाने कामांचे (ओव्हरलॉक, कॉलर, काज, चेकिंग), आडव्या ओळी नावांच्या, प्रत्येक चौकटीत एक गोल आणि त्याचे चार भाग: शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. तिसरा भाग भरला की महिन्याला ठरावीक रुपये वाढ, लगेच पुढच्या पगारात. वर्षाअखेरीची वाट बघायला लावली तर वर्षाअखेरीला तो नसतो. हा तक्ता फसतो तो दोन कारणांनी: सुपरवायझर एकटाच भरतो आणि मर्जीतल्यांचे गोल भरत जातात, किंवा दोन महिन्यांनी भरणंच बंद होतं. म्हणून महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुसऱ्या खात्याच्या सुपरवायझरने काम समोर बघून भरायचा.

तीस किंवा जास्त माणसं असलेल्या युनिटला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, अडीच ते पंधरा टक्के. त्यांनाही याच तक्त्यात घ्या. त्यांना झाडलोटीला किंवा ओव्हरटाइमला लावू नका. सरकारच्या अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइम चालत नाही. इतरांचा ओव्हरटाइम दुप्पट दराने, आणि पगारचिठ्ठीत वेगळ्या ओळीवर.

---

पूर्वभाग

सणाचं मी सांगतो. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज (यात्रेतल्या उंच काठ्या) धरणारी पोरं आधीपासून सरावाला जातात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव, त्या दिवशी पूर्व भागातलं (तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं) कुणीही येणार नाही आणि येऊही नये. १४ एप्रिल, आषाढी, रमजान ईद. या सगळ्या तारखा वर्षभर आधी माहीत असतात, तरी दरवर्षी डिस्पॅच नेमकी त्याच आठवड्यात लागते.

डिसेंबरात वर्षाचं कॅलेंडर भिंतीला लावा आणि पोरांना आपापल्या हाताने नाव लिहू द्या, कुणाला कोणता सण हवा. प्रत्येकाला दोन पक्के. चारही समाजांची माणसं एका शेडमध्ये आहेत, त्यामुळे अदलाबदल जमते: रथोत्सवाला मराठी आणि मुस्लिम पोरं सांभाळतात, ईदला तेलुगू. खरेदीदाराला तारीख देण्याआधी मर्चंडायझरने (खरेदीदाराशी ऑर्डर ठरवणाऱ्याने) तेच कॅलेंडर बघायचं. रोस्टर निदान दहा दिवस आधी लागलं पाहिजे, आणि लागल्यावर बदललं तर ज्याचं बदललं त्याला विचारून.

---

जुनी_मिल

नंदीध्वजाच्या सरावाची वेळ संध्याकाळची असते. त्या पंधरवड्यात त्या पोरांना सकाळची शिफ्ट दिली तर सुट्टीही लागणार नाही. हे कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवतो.